लॅटिनो शेजाऱ्यांच्या मतदार नोंदणीला मदत करायची आहे? टेबल मांडण्याआधी हे वाचा

निवडणुकीचं वर्ष आलं की मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी नवा नागरिक झालेला विचारतोच, "काहीतरी करावंसं वाटतंय, सुरुवात कुठून करू?" मी ह्यूस्टनजवळ केटीला राहते आणि माझं उत्तर ठरलेलं असतं. रविवारी सकाळी लॉन्ड्रोमॅटच्या बाहेर एक घडीचं टेबल, दोन खुर्च्या, चार पेनं आणि नोंदणीचे फॉर्म घेऊन बस. इथे आपले शेजारी बहुतेक लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकेतून आलेल्या घरांतले. आपल्यासारखेच दुसऱ्या भाषेतून आलेले, आपल्यासारखीच लांबलचक नावं असलेले.

एवढं सांगून मात्र भागत नाही. नवा स्वयंसेवक उत्साहात चुका करतो, आणि त्या भोगायला लागतात समोरच्या माणसाला. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे. नियम मुख्यतः टेक्सासचे आहेत. तुम्ही न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात असाल तर रीत तीच, तारखा आणि कागद वेगळे. ते आपल्या काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) निवडणूक कार्यालयाच्या संकेतस्थळावर ताजे बघून घ्या, कारण दर दोन वर्षांनी काहीतरी बदललेलं असतं.

आधी डोक्यातून भारत काढा

भारतात बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारा कर्मचारी, दारात येतो, घरात कोण अठरा वर्षांचं झालं ते विचारतो. मतदान केंद्र दोन किलोमीटरच्या आत असावं असा आयोगाचा दंडक आहे, आणि त्या दिवशी सुट्टी असते. इथे यातलं काहीच नाही. देशभराची एक मतदार यादी नाही, सगळ्यांना एकच नियम लावणारा निवडणूक आयोग नाही. नाव नोंदवणं ही मतदाराची स्वतःची जबाबदारी. घर बदललं की पुन्हा कळवायचं. मतदान मंगळवारी, हा वार १८४५ च्या कायद्याने ठरलेला, तेव्हा घोडागाडीने गावात यायला एक दिवस लागायचा. आज त्याच मंगळवारी छपरावर काम करणारा माणूस पहाटे साडेपाचला घर सोडतो.

२०२४ मध्ये मतदानाला पात्र असलेले लॅटिनो नागरिक सुमारे ३ कोटी ६२ लाख होते. २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यांच्यातल्या साधारण ५४ टक्क्यांनी मत दिलं, गोऱ्या मतदारांमध्ये हाच आकडा ७१ च्या आसपास होता. "त्यांना पडलेलीच नसते" हे स्पष्टीकरण आपल्या पॉटलकमध्येसुद्धा ऐकू येतं. टेबलावर बसल्यावर मला तसं दिसलं नाही. दिसलं ते असं की माणूस कुठल्यातरी बारीक कागदी खड्ड्यात अडकतो आणि पुढच्या वेळी त्या वाटेलाच जात नाही.

काही खड्डे मुद्दाम खणलेले होते, हेही माहीत असू द्या. टेक्सासमध्ये १९०२ पासून १९६६ पर्यंत मत द्यायला कर भरावा लागायचा. दीड-पावणेदोन डॉलर, पण कापूस वेचणाऱ्या मेक्सिकन कुटुंबाला तो परवडायचा नाही. १९६५ चा मतदान हक्क कायदा आला, तरी मतपत्रिका इंग्रजीतच राहिली. १९७५ मध्ये त्याला भाषेचं कलम जोडलं गेलं, आणि त्यासाठी झटणाऱ्यांत आमच्या ह्यूस्टनच्या खासदार बार्बरा जॉर्डन होत्या. त्याच्या आदल्याच वर्षी सॅन अँटोनियोत विली वेलास्केस यांनी साउथवेस्ट व्होटर रजिस्ट्रेशन एज्युकेशन प्रोजेक्ट सुरू केला होता. त्यांची घोषणा आजही भिंतींवर दिसते: "सु बोतो एस सु बोस". तुमचं मत म्हणजे तुमचा आवाज. स्पॅनिशमध्ये मत आणि आवाज हे शब्दच जुळ्यासारखे आहेत, म्हणून ती जिभेवर बसते.

पहिली पायरी: स्वतःचे कागद तपासा

टेक्सासमध्ये कुणीही उठून लोकांचे भरलेले फॉर्म गोळा करू शकत नाही. त्यासाठी 'व्हॉलंटिअर डेप्युटी रजिस्ट्रार' म्हणून काउंटीकडून नेमणूक घ्यावी लागते. आधी छोटं प्रशिक्षण असतं. नेमणूक सम वर्षाच्या ३१ डिसेंबरला संपते. आणि ती त्या काउंटीपुरतीच असते. आमचं केटी तीन काउंट्यांत विभागलेलं आहे: हॅरिस, फोर्ट बेंड आणि वॉलर. रस्त्याच्या अलीकडच्या माणसाचा फॉर्म घेता येतो, पलीकडच्याचा नाही. मी शेवटी तिन्हीकडे नेमणूक घेतली.

हे काम करायला अमेरिकन नागरिक असावं लागतं. एच-वन किंवा ग्रीन कार्डवर असाल तर टेक्सासमध्ये फॉर्मला हात लावू नका. मग काय करायचं? खुर्च्या उचला, पत्रकं छापा, मुलांना सांभाळा, म्हणजे आई निवांत फॉर्म भरेल. कॅलिफोर्नियात राहत असाल तर तिथे ग्रीन कार्डधारकाला मतदान केंद्रावर कर्मचारी म्हणून कामही करता येतं, आणि स्पॅनिश येत असेल तर पायघड्या घालतात.

एकट्याने न करता एखाद्या संस्थेबरोबर जोडून घ्या. लीग ऑफ विमेन व्होटर्स जवळपास प्रत्येक शहरात आहे. मी फामिलिया बोता आणि बोतो लातिनो या खास याच कामाच्या. (पहिलं नाव वाचून गोंधळू नका, 'मी' म्हणजे स्पॅनिशमध्ये 'माझं'.) तुमचं महाराष्ट्र मंडळ करमुक्त धर्मादाय संस्था असेल, तर त्याच्या नावाने टेबल लावताना कुठल्याही पक्षाचा बिल्ला, टोपी, टी-शर्ट चालणार नाही. कुणाला मत द्यायचं हे विचारलं तर उत्तर एकच, "ते तुमचं तुम्ही ठरवा." हे जड जातं, माझी जीभ दोनदा चावून झाली आहे.

आणखी एक, आपल्याला न सुचणारी गोष्ट. नोंदणीच्या किंवा मताच्या बदल्यात काहीही देणं हा केंद्रीय गुन्हा आहे. "फॉर्म भरा, समोसा मिळेल" ही पाटी प्रेमाने लावली तरी गुन्हाच. खायचं ठेवायचं असेल तर येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांसाठी ठेवा, फॉर्मशी त्याचा संबंध लावू नका.

दुसरी पायरी: कुणाला विचारायचं, काय विचारायचं नाही

ही सगळ्यात महत्त्वाची. जो नागरिक नाही त्याने चुकून जरी नोंदणी केली तरी त्याचं ग्रीन कार्ड, पुढचं नागरिकत्व, या देशात राहणंच धोक्यात येतं. खोटा नागरिकत्वाचा दावा ही इमिग्रेशन कायद्यातली जवळपास न पुसली जाणारी नोंद. म्हणून कुणाच्याही हातात फॉर्म कोंबू नका. फॉर्मच्या सुरुवातीलाच "तुम्ही अमेरिकेचे नागरिक आहात का?" हा चौकोन आहे. तो मोठ्याने वाचून दाखवा, थांबा, आणि समोरचा "नो" म्हणाला तर हसून आभार माना. पुढे एक अक्षर विचारायचं नाही. केव्हा आलात, कसे आलात, कागद आहेत का, यातलं काही आपल्याला कळायची गरज नाही. एकाच घरात आजी ग्रीन कार्डवर, वडील कागदांशिवाय आणि मुलगी इथेच जन्मलेली असं सर्रास असतं. तुमच्या एका आगाऊ प्रश्नाने ती मुलगीसुद्धा टेबलाकडे फिरकणार नाही.

उलटी चूकही होते. पोर्तो रिकोहून आलेल्या माणसाला "तुम्ही नागरिक झालात का?" असं विचारू नका. ते १९१७ पासून जन्मानेच नागरिक आहेत. बेटावर राहत असताना त्यांना अध्यक्षासाठी मत देता येत नाही, पण ऑरलँडोला किंवा ह्यूस्टनला राहायला आले की इतर कुणाहीसारखी नोंदणी करता येते. हे खुद्द त्यांच्यातल्याही कित्येकांना कुणी सांगितलेलं नसतं.

बोलण्याबद्दल थोडं. स्पॅनिशमध्येही आपल्यासारखं तू आणि तुम्ही आहे: 'तू' आणि 'उस्तेद'. वयाने मोठ्या माणसाला 'तू' म्हटलं की आपल्याकडे होतं तेच तिथे होतं. ड्युओलिंगोवर शिकलेली आपली पोरं ही चूक हमखास करतात. 'दोन्या' हा शब्द शिकून ठेवा. बाईच्या पहिल्या नावाआधी लावायचा, आपल्या 'काकू'सारखं काम करतो. आणि स्पॅनिश एक असली तरी शब्द एक नाहीत. मेक्सिकन माणूस मतदान केंद्राला 'कासिया' म्हणतो. मतपत्रिकेला तो 'बोलेता' म्हणेल, पोर्तो रिकन 'पापेलेता'. विदर्भातला माणूस कोकणात जावा तसं समजा, हळू बोललं की जमतं. सुरुवातीला एक वाक्य पाठ करा: "या एस्ता रेहिस्त्रादो पारा बोतार?" बाई असतील तर 'रेहिस्त्रादा'. 'लॅटिनेक्स' (लॅटिनोचं स्त्री-पुरुष भेद नसलेलं रूप) वगैरे शब्द विद्यापीठात ठेवून या, टेबलाशी आलेल्या कुणाच्याही तोंडून मी तो ऐकलेला नाही.

तिसरी पायरी: फॉर्म

इथे आपल्या लोकांना फायदा आहे, आणि तोटाही.

फायदा नावाचा. स्पॅनिश माणसाला आडनावं दोन: आधी वडिलांचं, मग आईचं. समजा नाव आहे मारिया एलेना गार्सिया लोपेस. घरी, शाळेत, चर्चमध्ये ती गार्सिया. पण इथला कारकून शेवटचा शब्द उचलतो, मग एका कार्डावर ती लोपेस, दुसऱ्यावर गार्सिया-लोपेस, तिसऱ्यावर गार्सिया हे मधलं नाव. 'न्य'चा उच्चार दाखवणारी एन अक्षरावरची लाट तर संगणकात गायबच होते. पासपोर्टवर वडिलांचं नाव कुठे घालायचं आणि लग्नानंतर काय काय बदलायचं यात ज्यांची अर्धी हयात गेली, त्या आपल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. उपाय एकच: ड्रायव्हिंग लायसन्स बाहेर काढायला सांगा आणि त्यावर जसं आहे तसं, अक्षर न् अक्षर, फॉर्मवर उतरवायला सांगा. चुकीचं असलं तरी तेच. ते दुरुस्त करायचं काम दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या कार्यालयात.

तोटा तारखेचा. माझ्या पहिल्याच महिन्यात साठीच्या एका बाईंनी जन्मतारीख लिहिली ०७/०३. मी फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला, सही बघितली, पावती फाडून दिली. तीन आठवड्यांनी त्या लॉन्ड्रोमॅटमध्ये पत्र घेऊन आल्या, माहिती जुळत नाही म्हणून. त्यांचा जन्म ७ मार्चचा. त्यांनी आपल्या सवयीने दिवस आधी लिहिला होता, आणि मी वाचताना मलाही तो ७ मार्चच दिसला, कारण माझीही सवय तीच. कारकुनाला दिसला ३ जुलै, कारण इथे महिना आधी लिहितात. तेव्हापासून मी तारीख वाचून घेत नाही, महिन्याचं नाव तोंडाने म्हणायला सांगते: "मार्सो? मग आधी तीन."

पत्ता: अपार्टमेंटचा नंबर राहून जातो, मग कार्ड परत जातं. शहराबाहेरच्या वस्त्यांत, सीमेलगतच्या कोलोनियांमध्ये, कधी घराला नंबरच नसतो. राष्ट्रीय फॉर्मवर त्यासाठी नकाशा काढायचा चौकोन आहे, जवळचा चौक, शाळा, दुकान दाखवून फुली मारायची. पत्रं पोस्टाच्या पेटीत येत असतील तर तो पत्ता वेगळ्या रकान्यात.

लायसन्स नंबर किंवा सोशल सिक्युरिटीचे शेवटचे चार आकडे, आणि सही. सही त्याच माणसाची. "नवऱ्याचीही करून टाकते" असं म्हणणारी बाई दर आठवड्याला भेटते, तिला कोरा फॉर्म घरी द्या.

फॉर्म हातात आला की टेक्सासमध्ये पाच दिवसांच्या आत काउंटीकडे पोचवायचा. नाही पोचवला तर तुमच्यावर गुन्हा. गाडीच्या डिकीत फॉर्म विसरणारा माणूस या कामाला घेऊ नका, मग तो कितीही गोड बोलणारा असो. शेवटची तारीख मतदानाच्या ३० दिवस आधीची. कॅलिफोर्निया, कोलोरॅडो, इलिनॉयसारख्या राज्यांत मतदानाच्या दिवशीही नोंदणी होते, आमच्याकडे ती चैन नाही.

चौथी पायरी: फॉर्म दिल्यावर संपलं असं समजू नका

महिनाभरात कार्ड यायला हवं. नाही आलं तर यादीत नाव ऑनलाइन बघा, वयस्कर माणसांसोबत बसून बघा. भाड्याने राहणारे दर वर्षी घर बदलतात. कार्ड परत गेलं की नाव 'सस्पेन्स' यादीत जातं. नाव भयंकर आहे, पण त्याच काउंटीत राहत असाल तर केंद्रावर नव्या पत्त्याचा छोटा कागद भरून मत देता येतं. हे ठाऊक नसल्यामुळे "तुमचं नाव अडकलंय" ऐकून लोक माघारी वळतात.

पाचवी पायरी: मतदानाआधीची संध्याकाळ

हॅरिस काउंटीची मतपत्रिका इंग्रजी, स्पॅनिश, व्हिएतनामी आणि चिनी अशा चार भाषांत मिळते. हे त्या १९७५ च्या कलमामुळे: एखाद्या काउंटीत इंग्रजी पुरेसं न येणारे एका भाषेचे मतदार-वयाचे नागरिक १० हजारांहून जास्त किंवा ५ टक्क्यांहून जास्त असले, की त्या भाषेत सगळं साहित्य देणं बंधनकारक. त्याच कलमाखाली क्वीन्समध्ये बंगाली आणि एडिसन जिथे आहे त्या मिडलसेक्स काउंटीत गुजराती मतपत्रिका मिळते. म्हणजे स्पॅनिश मागणं ही मेहेरबानी नव्हे. शेजाऱ्यांना हे ठासून सांगा, कारण त्यांना भीती असते की स्पॅनिश मागितली तर नागरिकत्वावर शंका घेतील.

भाषा मिळाली तरी लांबी उरतेच. ह्यूस्टनची मतपत्रिका न्यायाधीशांच्या नावांनीच पानंच्या पानं भरलेली असते. म्हणून आदल्या संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर नमुना मतपत्रिका पसरून बसा. तुम्ही फक्त पद काय काम करतं ते सांगायचं, खुणा त्यांनी करायच्या. तो कागद खिशात घालून आत नेता येतो. फोन मात्र नेता येत नाही. टेक्सासमध्ये मतदानाच्या जागेपासून १०० फुटांच्या आत मोबाइल बंद, म्हणजे गूगल ट्रान्सलेटवर भिस्त ठेवलेला माणूस आत गेला की हातात काहीच उरत नाही.

ओळखपत्र आजच काढून पर्समध्ये ठेवायला लावा. टेक्सासमध्ये सात प्रकारची चालतात, त्यांत लायसन्स, पासपोर्ट, फोटो असलेलं नागरिकत्वाचं प्रमाणपत्र, आणि बंदुकीचा परवानासुद्धा. कॉलेजचं ओळखपत्र चालत नाही. (यावर काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा.) यातलं काही नसेल आणि मिळवणंही शक्य नसेल, तर कारण लिहून सही करायचा एक फॉर्म असतो, सोबत विजेचं बिल किंवा बँकेचा कागद लागतो. यादीतलं नाव आणि कार्डावरचं नाव थोडंफार वेगळं असेल, गार्सिया-लोपेसवाली गोष्ट, तर तोच मी असं लिहून देऊन मत देता येतं. रांगेतून परत फिरू नका एवढंच त्यांच्या मनावर बिंबवा.

मतदानाचा दिवस

शक्यतो तो दिवस येऊच देऊ नका. आमच्याकडे आधीचे साधारण दोन आठवडे मतदान सुरू असतं, त्यात शनिवार-रविवारही येतात. मंगळवारीच जायचं असेल तर केंद्रं सकाळी ७ ते संध्याकाळी ७. कामाच्या वेळेबाहेर सलग दोन तास मिळत नसतील, तर मालकाला मतदानासाठी सुट्टी द्यावी लागते आणि पगार कापता येत नाही. ७ वाजता रांगेत असलेल्या प्रत्येकाला मत देता येतं, दार लावलं तरी.

अंतराचा विचार आधी करा. २०१८ मध्ये कॅन्ससच्या डॉज सिटीत हे देशभर गाजलं. मांस कारखान्यांचं गाव, बहुसंख्य वस्ती लॅटिनो, सुमारे २७ हजार लोकसंख्येला एकच मतदान केंद्र, आणि तेही त्या वर्षी शहराच्या हद्दीबाहेर हलवलं. सर्वांत जवळचा बसथांबा तिथून साधारण एक मैल. कुणी कुणाला अडवलं नव्हतं, फक्त गाडी नसलेल्या आणि लांबलचक पाळीवरून सुटलेल्या माणसाला तिथे पोचता येत नव्हतं. खटला, ओरड झाल्यावर पुढच्या वर्षी दोन केंद्रं झाली. म्हणून नकाशावर केंद्र बघताना बसचा मार्गही बघा, आणि तुमच्या गाडीत जागा असेल तर वेळ ठरवून टाका.

वाचता येत नसेल, इंग्रजी येत नसेल, दिसत नसेल, तर मतदार आपल्या पसंतीचा माणूस आत नेऊ शकतो. फक्त तो त्याचा मालक किंवा युनियनचा पदाधिकारी नसावा. हा हक्क १९८२ पासून कायद्यात आहे, तरी २०१४ मध्ये ऑस्टिनशेजारच्या विल्यमसन काउंटीत एका बंगाली आईच्या मुलाला अडवलं गेलं. तो शेजारच्या काउंटीचा मतदार, म्हणून दुभाषा होता येणार नाही असं सांगितलं. आई बिचारी जमेल तसं मत देऊन बाहेर आली. प्रकरण न्यायालयात गेलं आणि २०१७ मध्ये पाचव्या सर्किटच्या केंद्रीय अपील न्यायालयाने टेक्सासची ती अट केंद्रीय कायद्याविरुद्ध ठरवली. आज ह्यूस्टनची लॅटिनो नात आजीला हात धरून आत नेते, त्यात आपल्याकडच्या एका घराचा वाटा आहे. मदतनीसाला आत शपथ घ्यावी लागते, त्याला घाबरू नका. शब्दशः वाचून दाखवायचं, सुचवायचं काही नाही.

नाव यादीत नाही असं म्हणाले तर 'प्रोव्हिजनल बॅलट', म्हणजे पात्रता तपासून मग मोजली जाणारी तात्पुरती मतपत्रिका, मागायला सांगा. २००२ पासून तो जवळपास देशभर हक्क आहे. आणि अडचण आली तर घरी निघून न जाता, १०० फुटांच्या रेषेबाहेर थांबलेल्या तुमच्याकडे यायला सांगा आणि मदतीच्या नंबरवर फोन लावा: ८८८-व्हे-वाय-व्होटा, म्हणजे ८८८-८३९-८६८२. इंग्रजी-स्पॅनिश दोन्हींत बोलतात. हा नंबर मी चिठ्ठीवर लिहून देते, फोनमध्ये साठवून नाही.

टपाली मताबद्दल थोडक्यात. टेक्सासमध्ये ते मुख्यतः ६५ किंवा त्याहून जास्त वयाच्यांना आणि अपंगांना. लिफाफ्याच्या झाकणाखाली लायसन्सचा किंवा सोशल सिक्युरिटीचा नंबर लिहायचा असतो आणि तो रकाना चटकन दिसत नाही. २०२२ च्या मार्चमधल्या, पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीत सुमारे १२ टक्के टपाली मतं बाद झाली, ती मोठ्या प्रमाणावर याच नंबरांच्या नियमामुळे. आजोबांच्या शेजारी बसून झाकण उचलून दाखवा.

नोव्हेंबर संपला की टेबल माळ्यावर टाकू नका. मे महिन्यातल्या पहिल्या शनिवारी टेक्सासमध्ये शाळा मंडळांच्या आणि गावांच्या निवडणुका असतात. तिथे काही वेळा शे-दोनशे मतांनी निकाल लागतो, आणि लॉन्ड्रोमॅटमधल्या बायकांना त्यात अध्यक्षापेक्षा जास्त रस असतो, कारण शाळेची बस कुठून जाते ते तिथे ठरतं. सम वर्ष संपलं असेल तर जानेवारीत नेमणूक पुन्हा घ्यायला विसरू नका. मार्चमध्ये माझ्याकडे एक खुर्ची रिकामी असेल. येताना काळ्या शाईचं पेन आणा.